आजोबांच्या क्लॅरिनेटवरचा शिक्का

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आजोबा एका संस्थानच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांचं वाद्य सापडलं. रंग काळा, चाव्या पांढऱ्या धातूच्या. वर 'हॉक्स अँड सन, डेन्मन स्ट्रीट, पिकॅडिली सर्कस, लंडन' अशी इंग्रजी अक्षरं आहेत आणि त्याखाली 'एच. पी.'. वरच्या आणि खालच्या तुकड्यावर पाच आकडी क्रमांक आहेत, पण शेवटचा आकडा जुळत नाही. बॅरलवर, म्हणजे माउथपीसखालच्या आखूड तुकड्यावर, नाव नाही. बेलच्या, म्हणजे खालच्या कर्ण्याच्या, कड्यावर बारीक अक्षरं आणि चारचा आकडा. एका बँडवाल्याकडून चाव्यांखालची पॅड बदलून घेतली, पण पेटीबरोबर काही केल्या सुरात लागत नाही. किती जुनं असेल, खरंच लंडनचं का, किंमत किती, आणि सुरात येईल का? अजून साफ केलेलं नाही, आधी विचारतोय."

आधी विचारलंत हे फार बरं केलंत. मी जुन्या वाद्यांच्या या धंद्यात आलो तेव्हा अक्कल कमी आणि उत्साह फार. पहिल्याच वर्षी एका जुन्या बासरीची चांदीची कडी पितळेच्या पॉलिशने अशी लख्ख केली, की तिच्यावर कुणीतरी हाताने कोरलेली ओळ निम्मी पुसली गेली. मालकाला कळलंही नाही. ज्यांच्याकडे मी काम शिकत होतो त्यांना मात्र कळलं, आणि पुढचा महिनाभर त्यांनी मला फक्त स्क्रू काढून डब्यात लावायला बसवलं. ती ओळ काय होती हे आता कुणालाच सांगता यायचं नाही. म्हणून आत्ता फक्त कोरडा, मऊ ब्रश वापरा. तेल, पॉलिश, काचपेपर सगळं लांब ठेवा. पुसट अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यात खडू किंवा पांढरा रंग भरायची टूम बरीच मंडळी काढतात. खडूची भुकटी लाकडाच्या रंध्रात बसली की निघत नाही, आणि रंग भरताना आपल्याला जे वाचायचं असतं तेच अक्षर आपण भरून टाकतो.

वाचायची रीत साधी आहे. रात्री खोलीतला दिवा घालवा. वाद्य पंचावर आडवं ठेवा आणि टॉर्च शिक्क्याच्या वर न धरता बाजूला, लाकडाला जवळजवळ टेकवून धरा. तिरप्या उजेडात अक्षराच्या कडेची सावली पडते आणि दिवसा न दिसणारं बरंच काही वर येतं. मग टॉर्च हळूहळू गोल फिरवा, कारण एकाच अक्षराची उभी रेघ एका दिशेने दिसते आणि आडवी दुसऱ्या. प्रत्येक दिशेने फोनवर फोटो काढा, शेजारी फूटपट्टी ठेवून. शेवटचा आकडा जुळत नाही म्हणता, त्याचा निम्मा निकाल इथेच लागेल. झिजलेला इंग्रजी सात एकासारखा दिसतो, तीन आणि आठ तर एकमेकांचे जुळे भाऊ. तरीही नाहीच लागलं, तर बटर पेपर ठेवून मऊ पेन्सिल अगदी हलक्या हाताने आडवी फिरवा, लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसा.

आता नावाकडे. माझी सवय अशी, की नाव सगळ्यात शेवटी वाचायचं. आधी वाचलं की डोळे त्याच्या बाजूने साक्ष द्यायला लागतात. नाव सोडून बाकीचं वाद्य काय सांगतं ते आधी ऐकायचं, आणि मग नाव त्याच्याशी जुळतं का ते बघायचं.

असं का, ते सांगतो. जुन्या लाकडी वाद्यावर ज्याचं नाव असतं त्यानेच ते वाद्य घडवलेलं असेल असं नाही. येवल्याच्या विणकराने विणलेली पैठणी पुण्यातल्या दुकानाच्या पिशवीतून घरी येते, तसाच हा प्रकार. फ्रान्समध्ये नॉर्मंडीतलं ला कुत्यूर बूसे हे खेडं, जर्मनीत सॅक्सनीतलं मार्कन्यूकिर्शन, बोहेमियातलं ग्रास्लिट्झ, म्हणजे आजचं चेक देशातलं क्रास्लित्से. या गावांतून घरोघरी क्लॅरिनेटं, बासऱ्या, ओबो बनत आणि बिननावाची बाहेर पडत. लंडन, न्यूयॉर्क, शिकागोचे व्यापारी त्यावर आपला शिक्का उठवत. मुंबईत एस. रोझ अँड कंपनी किंवा १८६५ पासूनचे फुर्टाडो यांच्यासारख्या दुकानांतून परदेशी वाद्यं विकली जात. अशा एखाद्या दुकानाचं नाव आणि खाली 'बॉम्बे' असं दिसलं, की ते वाद्य मुंबईत बनलं असं समजायचं कारण नाही. ते मुंबईत विकलं गेलं, एवढंच ते सांगतं. घराण्याच्या इतिहासासाठी तीही माहिती मोलाचीच आहे.

आणि कधी कधी शिक्का काय सांगतोय हेच आपण वाचत नाही. एक गृहस्थ हस्तिदंती डोक्याची जर्मन बासरी घेऊन आले होते. "हे नाख मायर कोण, फार मोठे कारागीर असावेत, आंतरजालावर त्यांच्या शेकडो बासऱ्या दिसतात," असं त्यांचं म्हणणं. 'नाख' हे कुणाचं नाव नाही. जर्मनमध्ये 'नाख मायर' म्हणजे 'मायरच्या पद्धतीची'. हानोफर शहरात मायर नावाचे खरोखर नामांकित कारागीर होते. त्यांच्या बासऱ्या इतक्या चालल्या, की मार्कन्यूकिर्शनचे कारखाने वर्षानुवर्षं त्यांची नक्कल करत राहिले आणि प्रामाणिकपणे तसं छापतही राहिले. म्हणजे शिक्का खोटा नव्हताच. आम्हीच तो नावासारखा वाचला. त्या गृहस्थांना मी आणखी एक सांगितलं, तेही इथे सांगून ठेवतो: हस्तिदंत असलेलं वाद्य घरात ठेवणं वेगळं आणि विकायला काढणं वेगळं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे. तुमच्या वाद्यात तो प्रश्न नाही.

अठराव्या शतकातल्या शिक्क्यांत आणखी एक फसगत असते. तेव्हा 'जे'च्या जागी 'आय' छापत. न्यूरेंबर्गचे योहान क्रिस्टोफ डेन्नर, ज्यांच्याकडे क्लॅरिनेटच्या जन्माचं श्रेय जातं, त्यांचा मुलगा याकोब, हे नाव 'जे'ने लिहितात. याकोबच्या वाद्यांवर 'आय. डेन्नर' दिसतं. ते वाचून कुणी आयझॅक शोधायला निघाला तर आयुष्य जाईल. नावावर मुकुट दिसला की लोक राजघराण्याकडे धावतात. मुकुट, तारा, कमळासारखं फूल, ही त्या काळची सर्रास वापरली जाणारी चिन्हं होती. लंडनचा जॉर्ज ॲस्टर बासऱ्या-क्लॅरिनेटं विकायचा. कॉर्नहिलवर ७९ नंबरचं दुकान. त्याचा धाकटा भाऊ थोड्या बासऱ्या घेऊन १७८३ च्या हिवाळ्यात जहाजाने अमेरिकेला निघाला, आणि तिथे बासऱ्या सोडून केसाळ कातड्यांच्या व्यापारात शिरला. तोच जॉन जेकब ॲस्टर, पुढे अमेरिकेतला सर्वांत श्रीमंत माणूस. बासऱ्याच विकत बसला असता तर आपल्यासारखाच राहिला असता.

असो. तुमच्या क्लॅरिनेटकडे वळू.

सगळ्यात आधी ते लाकूडच आहे का, ते बघा. गमतीने विचारत नाही. उष्ण देशांत लाकूड तडकतं म्हणून युरोपातले कारखानदार एबोनाइटची क्लॅरिनेटंही बनवायचे. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. नवं असताना काळंभोर दिसतं, जुनं झालं की उन्हाच्या बाजूने हिरवट-तपकिरी होतं. आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर अंगठा जोरात घासा आणि वास घ्या. जळक्या काडेपेटीसारखा वास आला तर एबोनाइट. तसं असेल तर गरम पाणी लावू नका, रंग आणखी बिघडतो. वास आला नाही आणि नळीच्या तोंडाशी लाकडाचे बारीक दाणे दिसले, तर बहुतेक आफ्रिकन ब्लॅकवूड. हे आपल्या शिसवीचं चुलत भावंड, दोन्ही एकाच डालबर्जिया वंशातली. पण ब्लॅकवूड इतकं घट्ट असतं की पाण्यात बुडतं, आणि आतूनही काळं दिसतं. आजकाल 'ॲन्टिक' म्हणून विकायला येणारे काही नग शिसवीसारख्या लाकडाचे, वरून काळा पॉलिश मारलेले असतात. बाहेरून कळत नाही. टॉर्च लावून नळीच्या आत बघा. पॉलिश तिथपर्यंत पोचलेलं नसतं आणि तपकिरी, मोकळ्या रंध्रांचं लाकूड लगेच दिसतं.

त्याच वेळी शिक्का ठोकलेला आहे की खोदलेला, तेही बघून घ्या. जुना शिक्का पोलादी ठशाने दाबून उठवलेला असतो. अक्षराच्या तळाशी लाकूड चेपून गुळगुळीत झालेलं दिसतं, कडा किंचित गोलसर. यंत्राने खोदलेल्या किंवा लेसरने जाळलेल्या अक्षराच्या कडा ताज्या, धारदार किंवा भाजलेल्या दिसतात. आणखी एक खूण मला फार उपयोगी पडते: जुने ओरखडे अक्षरांशी कसे वागतात ते बघायचं. ओरखडा अक्षरापाशी येऊन तुटतो आणि पलीकडे पुन्हा सुरू होतो, कारण अक्षराचा खड्डा खाली होता आणि ओरखडा वरून गेला. म्हणजे अक्षर आधीचं. ओरखडा अक्षराच्या पोटात शिरून चिरडलेला दिसला तर अक्षर नंतरचं. सगळं वाद्य बोटांनी झिजलेलं आणि नाव तेवढं कोरं करकरीत, असं असलं की माझ्या मनात पाल चुकचुकते.

आता चाव्या मोजा. उजव्या करंगळीखाली किती चाव्या आहेत? चार असतील तर बोम पद्धतीचं क्लॅरिनेट. आज शिकवलं जातं ते हेच, वादक क्लोझे आणि कारागीर बुफे यांनी १८४४ मध्ये फ्रान्समध्ये पेटंट घेतलेलं. दोनच असतील तर 'सिंपल सिस्टिम', ज्याला ब्रसेल्सच्या यूजेन आल्बेर यांच्या नावाने आल्बर्ट सिस्टिमही म्हणतात. एकूण तेरा-चौदा चाव्या आणि भोकांभोवती एक-दोन रिंगा. मला वाटतं तुमचं दुसऱ्या प्रकारचं असेल, कारण ब्रिटिश पद्धतीच्या लष्करी बँडमध्ये ते फार काळ टिकलं. तुर्कस्तान आणि ग्रीसमधले लोकवादक तर आजही तेच वाजवतात. पण यावरून 'बोमच्या आधीचं, म्हणजे १८४४ पूर्वीचं' असा हिशोब करू नका. जुनी पद्धत नवीनच्या शेजारी जवळजवळ शंभर वर्षं नांदली. पद्धतीवरून वाद्य कधीच्या आधीचं असू शकत नाही एवढं कळतं, कधीच्या नंतरचं नाही ते कळत नाही.

आता ती दोन अक्षरं, 'एच. पी.'. तुमच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर यांच्यात आहे.

'एच. पी.' म्हणजे हाय पिच, चढा सूर. आज जगभर मधला 'ए' म्हणजे पेटीची पांढरी सहा सेकंदाला ४४० कंपनांना लावतात. हा आकडा १९३९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत ठरला. त्याआधी जो तो आपल्या सुरात होता. फ्रान्सने १८५९ मध्येच ४३५ ठरवला. इंग्लंडमध्ये मात्र सूर चढत चढत साडेचारशेच्या वर, ४५२ च्या आसपास गेला होता. १८९६ च्या सुमारास लंडनच्या मैफिली ४३९ वर उतरल्या, पण लष्करी बँड उतरले नाहीत. कारण उघड आहे. एका बँडची चाळीस-पन्नास वाद्यं एकदम बदलायची तर पैसा कोण देणार? ब्रिटिश लष्कर १९२० च्या दशकाच्या शेवटापर्यंत चढ्या सुरातच वाजवत राहिलं. आपल्या संस्थानांचे बँड त्याच साच्यातले. सगळ्यांचीच वाद्यं चढी असली की ऐकणाऱ्याला काही खटकत नाही. खटकतं ते शंभर वर्षांनी, त्यातलं एकटं वाद्य पेटीशेजारी बसवल्यावर.

तुमचं क्लॅरिनेट बी फ्लॅटचं असेल. पेटीच्या भाषेत त्याचा सा काळी पाच. पण चढ्या सुरामुळे तो काळी पाचच्या जवळजवळ पाव स्वर वर, म्हणजे काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोब्बर मध्ये येऊन बसतो. दोन्हींपैकी कुणाशीच त्याचं जमत नाही. तुमच्या त्या बँडवाल्याचा किंवा त्याने घातलेल्या पॅडचा यात काही दोष नाही. ताडून बघायचं असेल तर टेप घ्या. आजचं बी फ्लॅट क्लॅरिनेट माउथपीससकट साधारण ६६ सेंटीमीटर भरतं. चढ्या सुराचं त्याहून दीड-दोन सेंटीमीटर आखूड. फक्त एक सावधगिरी: त्या काळी 'ए' क्लॅरिनेटही असायचं, आणि चढ्या सुराचं 'ए' क्लॅरिनेट लांबीने आजच्या बी फ्लॅट आणि 'ए' यांच्या मधोमध येतं. त्यामुळे लांबी एकटीच्या भरवशावर सोडू नका. 'एच. पी.'च्या आसपास आणखी एखादं अक्षर ठोकलेलं आहे का ते टॉर्चने बघा.

मग सूर उतरवता येईल का? लोक लांब बॅरल लावून बघतात. थोडासा फरक पडतो आणि नवीनच दुखणं सुरू होतं. वरच्या टोकाला नळी वाढवली, की वरची भोकं उघडून वाजणारे स्वर, ज्यांची हवेची नळी मुळात आखूड, ते जास्त उतरतात. सगळी बोटं झाकून वाजणारे लांब नळीचे स्वर कमी उतरतात. म्हणजे एक सा सुरात आला, तर बाकीचं सप्तक वाकडं झालं. भोकं बुजवून नवी पाडायला सांगणारा कुणी भेटला तर वाद्य पिशवीत घाला आणि घरी या. ते वाद्य एकटं वाजवा, किंवा वाजवून रेकॉर्ड करून ठेवा. एकट्या वाद्याला चढं-उतरलेलं काही नसतं.

इथपर्यंत नावाला आपण हात लावलेला नाही. आता लावू. हॉक्स हे लंडनचे खरेखुरे उत्पादक होते, नुसते शिक्का मारणारे दुकानदार नव्हेत, आणि लष्करी बँडचा माल ही तर त्यांची खासियत. डेन्मन स्ट्रीटचा पत्ता साधारण १८९५ च्या सुमाराचा आणि त्यानंतरचा. १९३० मध्ये हॉक्स आणि त्यांचे जुने स्पर्धक बूझी एकत्र आले आणि 'बूझी अँड हॉक्स' असं जोडनाव सुरू झालं. तुमच्यावर जोडनाव नाही, म्हणजे १९३० च्या आधीचं. चढा सूर १९२० च्या दशकाच्या शेवटी मागे पडला, तोही याच बाजूने बोलतो. चाव्यांची पद्धत त्याला विरोध करत नाही. पत्ता, नाव, सूर, यंत्रणा, चौघेही एकच सांगत असले की मी समाधानाने कपाळावरचा चष्मा खाली घेतो. १८९५ ते १९३० मधलं, संस्थानी बँडसाठी मागवलेलं लंडनचं वाद्य. 'एक्सेलसिअर सोनोरस क्लास' असे शब्द शिक्क्यात कुठे दिसले, तर ते हॉक्सच्या मालावर दिसणारे शब्द आहेत, मालाचा दर्जा लिहिल्यासारखे.

पत्त्यावरून तारीख काढायची ही युक्ती लंडनच्या वाद्यांना फार चालते, कारण तिथले कारागीर दुकान हलवलं की शिक्काही बदलत. रूडॉल आणि रोझ यांच्या बासरीवर 'पियाझा, कॉव्हेंट गार्डन' असेल तर ती १८३७ च्या आतबाहेरची किंवा जुनी. पुढे टॅव्हिस्टॉक स्ट्रीट, मग साउथॅम्प्टन स्ट्रीट. 'रूडॉल, कार्ट' आणि 'बर्नर्स स्ट्रीट' असेल तर १८७८ नंतरची. पण फ्रान्समध्ये हीच युक्ती दगा देते. पॅरिसचे बासरी-कारागीर लुई लो १८७६ मध्ये निवृत्त झाले, आणि त्यांच्या नावाचा शिक्का वारसदारांच्या हातांत पुढे पाऊण शतक चालू राहिला. नाव तेच, हात वेगळे.

नावाखाली देशाचं नाव आहे का, हेही बघण्यासारखं असतं. १८९० च्या अमेरिकी जकात कायद्याने तिथे येणाऱ्या मालावर देशाचं नाव इंग्रजीत छापणं भाग पडलं, म्हणून 'जर्मनी', 'बव्हेरिया', 'फ्रान्स' असे सुटे शब्द दिसू लागले. 'चेकोस्लोव्हाकिया' असेल तर १९१८ च्या आधीचं असणं शक्यच नाही, तो देशच नव्हता. 'यू. एस. झोन जर्मनी' म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरची चार-पाच वर्षं. घरात 'पणजोबांचं' म्हणून सांगितलेलं एक वाद्य या शेवटच्या तीन शब्दांनी पंचवीस-तीस वर्षांनी तरुण झालेलं मी पाहिलं आहे. घरात त्या दिवशी माझ्याशी कुणी नीट बोललं नाही.

आकड्यांचं काय? क्रमांक म्हणजे तारीख नव्हे. प्रत्येक कारखान्याची मोजणी वेगळी, आणि एकाच कारखान्यात बासरी, क्लॅरिनेट, पितळी वाद्यं यांच्या वेगवेगळ्या मोजण्या असू शकत. आंतरजालावर 'क्रमांक टाका, वर्ष मिळवा' असे तक्ते असतात. ते कुठल्या कारखान्याचे, कुठल्या वाद्याचे, हे न बघता लोक आपला आकडा त्यात शोधतात. बूझी अँड हॉक्सचा संग्रह आणि कागदपत्रं २००४ मध्ये लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात गेली. स्पष्ट फोटो आणि दोन्ही क्रमांक जोडून तिथे नम्रपणे लिहून बघा. संग्रहालयाची माणसं नीट विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर देतात. मात्र 'किंमत किती' असं विचारू नका, ते सांगत नाहीत.

आणि तो न जुळणारा शेवटचा आकडा. आधी सांगितल्याप्रमाणे टॉर्चने खात्री करा. खरोखरच एका-दोनाचा फरक निघाला, तर मला त्यात खोटेपणा दिसत नाही, बँडची खोली दिसते. संस्थान एका दमात सहा-आठ क्लॅरिनेटं मागवायचं, ती एकापाठोपाठच्या क्रमांकांची यायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळी सुटी करून चटईवर पुसायला मांडली, आणि उचलताना एकाचा वरचा तुकडा दुसऱ्याच्या खालच्या तुकड्याला लागला. दोन्ही तुकडे एकाच घाण्यातले, त्यामुळे फरक पडला नाही आणि कुणाला कळलंही नाही. क्रमांक शेकड्यांनी लांब असते तर मी म्हटलं असतं, की दोन मोडक्या वाद्यांतून एक जुळवलेलं आहे. बॅरलवर नाव नसण्याचीही काळजी करू नका. क्लॅरिनेटच्या लवकर तडकणाऱ्या भागांपैकी तो एक, कारण वादकाची गरम ओली फुंक आधी त्याला लागते. जुन्या क्लॅरिनेटवर बॅरल बदललेलं निघणं अगदी नेहमीचं. माउथपीसवरचं नाव तर हिशोबातच धरू नका, ते वादकाच्या आवडीचं असतं.

चाव्या काढायची वेळ आली तर कारागिराला एक सांगा. त्या काळचे स्क्रू हाताने बसवलेले असत, एकाच्या जागी दुसरा नीट बसत नाही. पुठ्ठ्यावर वाद्याचं चित्र काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवायचा. चावीच्या पोटात बारीक ठिपके किंवा आकडे असतील, ते जुळणीच्या खुणा आहेत. त्यांचाही फोटो काढा. चाव्या बहुधा जर्मन सिल्व्हरच्या असतील, ज्यात चांदी नावालाही नसते, तांबं-निकेल-जस्त असतं. खरी चांदी असती तर त्यावर इंग्रजी हॉलमार्क शोधता आला असता. त्यातलं वर्षाक्षर थेट साल सांगतं. लंडनच्या महागड्या बासऱ्यांवर तो कधी कधी मिळतो, बँडच्या क्लॅरिनेटवर अपेक्षा धरू नये.

किंमतीबद्दल तोंडावर सांगतो: फारशी नाही. चढ्या सुराचं सिंपल सिस्टिम क्लॅरिनेट आजच्या वादकाला इतरांबरोबर वाजवता येत नाही आणि संग्राहकांकडे अशी पुष्कळ पडून आहेत. परदेशात विकायचं म्हणत असाल तर आणखी एक गाठ आहे. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि तुमचं वाद्य नेमकं त्या सीमेवर आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ते पुरावस्तूत येतं की नाही याचं प्रमाणपत्र घेतल्याशिवाय कुरिअरवाल्याला बोलावू नका. माझं ऐकाल तर विकूच नका.

कारण लंडनच्या नावाचे शिक्के हजारो वाद्यांवर आहेत. तुमच्या बेलच्या कड्यावरची ती बारीक अक्षरं आणि चारचा आकडा मात्र हॉक्सच्या कारखान्यातला नसावा. लष्करी आणि संस्थानी बँडमध्ये वाद्यावर पलटणीची किंवा बँडची अक्षरं आणि वाद्याचा नंबर घालायची पद्धत होती. ब्रिटिश सरकारी माल असेल तर बाणाच्या टोकासारखी खूण दिसते. तशी खूण आहे का ते बघा. ती नसेल आणि अक्षरं संस्थानच्या नावाशी जुळत असतील, तर चार म्हणजे बँडमधलं चौथं क्लॅरिनेट. घरात बँडचा एखादा जुना ग्रुप फोटो असेल तर तो भिंतीवरून उतरवा, आजोबांच्या हातातल्या वाद्याचा बेल भिंगातून बघा. कड्याचे फोटो काढताना बेल फिरवत फिरवत सहा-सात काढा, अक्षरं गोलाईवर असल्यामुळे एका फोटोत मावत नाहीत. ते मला पाठवा. आणि तोवर ते कडं कुणाला चकाकवू देऊ नका.